ऑपरेशन न करता कोपराचा यूसीएल बरा करायचा प्रोग्रॅम: कसा वाटला (लांब आहे, सवडीने वाचा)

ज्यांना कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे यूसीएल, अर्धवट फाटलंय असं सांगितलंय आणि आता चिरफाड करायची की नाही यात अडकलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी भालाफेक करते. प्रोफेशनल वगैरे काही नाही पण स्पर्धा खेळते, त्यामुळे "आता फेकणं बंद करा म्हणजे दुखणार नाही" हा सल्ला माझ्या काही कामाचा नव्हता. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण हाच प्रोग्रॅम थोड्याफार फरकाने बऱ्याच स्पोर्ट्स क्लिनिकमधे मिळतो, पॅकेजचं नाव वेगळं असतं, आत माल तोच: तपासणी, थोडे दिवस ब्रेस, हवं असेल तर पीआरपी (आपल्याच रक्तातून बनवलेलं) इंजेक्शन, आणि मग महिनोन्‌महिने व्यायाम. एकूण मत चांगलं आहे. पण ज्या गोष्टीची जाहिरात करतात ती यातली सगळ्यात कमजोर गोष्ट आहे आणि जी खरी कामाची आहे तिच्याबद्दल माहितीपत्रकात जेमतेम दोन ओळी, हे माझं मुख्य म्हणणं.

आधी कोपराचं थोडं समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपण जोरात ओव्हरआर्म फेकतो तेव्हा हात मागून पुढे येताना कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं आणि ते उघडू नये म्हणून हे छोटंसं लिगामेंट धरून ठेवतं. दंडाच्या हाडाचा आतला उंचवटा असतो ना, हात आपटला की झिणझिण्या येतात त्याच्या जवळचा, तिथून निघून ते खालच्या अल्ना हाडाला चिकटतं. बेसबॉल पिचर्सवर, म्हणजे बॅट्समनला बॉल टाकणाऱ्यांवर, मोजमापं झालीत त्यात एका जोरदार पिचला कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर पीळ येतो असं आलंय, आणि मृतदेहातलं लिगामेंट लॅबमधे ताणलं तर ते ३२-३४ च्या आसपासच तुटतं. म्हणजे बाकी कोणी मदतीला नसतं तर पहिल्याच थ्रोला खेळ खल्लास. मदतीला असतात ते हाडांचा आकार आणि हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू, मनगट आणि बोटं वाकवणारे. हा हिशोब फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवला आणि खरं सांगते, तेव्हाच कळलं की ऑपरेशनशिवायचा इलाज हा जादूटोणा नाहीये, लिगामेंटच्या वाट्याचा भार दुसऱ्यांवर ढकलायचा असा साधा व्यवहार आहे.

आता तपासणी. यात त्यांना पैकीच्या पैकी.

आधीच्या एका ठिकाणी माझा हात दोन मिनिटं दाबून बघितला आणि थेट इंजेक्शनची तारीख द्यायला निघाले होते. इथे तसं नाही झालं. इथल्या डॉक्टरांनी मूव्हिंग व्हॅल्गस टेस्ट केली, म्हणजे कोपर पूर्ण वाकवून, बाहेरच्या बाजूला ताण देत पटकन सरळ करतात आणि दुखणं नेमकं कुठल्या कोनात येतं ते बघतात. ७० ते १२० अंशांच्या मधे आलं तर संशय यूसीएलवर. ही टेस्ट २००५ मधे ओड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, फार चतुर आहे कारण फेकताना जसा ताण येतो तसाच देते. त्यानंतर ताण देऊन अल्ट्रासाऊंड, आणि तो दोन्ही कोपरांचा, हे महत्त्वाचं, कारण फेकणाऱ्याचा हात तसाही दुसऱ्या हातापेक्षा थोडा जास्त सैल असू शकतो, त्यामुळे एकाच कोपराचा आकडा बघून काही ठरवता येत नाही. मग सांध्यात डाय टाकून एमआरआय. डाय टाकताना दुखतं, उगाच गोड बोलत नाही, पण साध्या एमआरआयमधे अर्धवट फाटलेलं निसटू शकतं आणि डायमधे ते जास्त स्पष्ट दिसतं.

इतकी तपासणी का, तर सगळा खेळ फाटलंय कुठे यावर आहे. हे मला कुठेच आधी कोणी सांगितलं नव्हतं. यूसीएलच्या वरच्या टोकाला, दंडाच्या हाडाकडच्या, रक्तपुरवठा बरा असतो. खालच्या टोकाला, अल्नाकडे, तो कमी असतो. त्यामुळे वरच्या टोकाचं अर्धवट फाटलेलं विनाऑपरेशन भरून यायची शक्यता चांगली आणि खालच्या टोकाचं बरंच कमी. माझं वरचं निघालं. खालचं निघालं असतं तर तुम्हाला इथे ठेवून न घेता सर्जनकडे पाठवलं असतं असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले, आणि ज्या क्लिनिकचा धंदाच ऑपरेशन टाळण्यावर चालतो त्यांनी हे म्हणणं मला आवडलं.

मग पीआरपी. इथे माझी तक्रार सुरू होते.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढायचं, मशीनमधे गरागरा फिरवायचं, प्लेटलेट्सचा दाट भाग वेगळा करायचा आणि अल्ट्रासाऊंडवर बघत बघत फाटलेल्या जागी टोचायचा. कल्पना चांगली आहे, प्लेटलेट्समधे जखम भरायला मदत करणारे घटक असतात हे खरंच आहे. पण माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात "८८ टक्के खेळाडू परत मैदानात" असं छापलंय आणि तो आकडा कुठून आला हे कुठेही नाही. तो आला २०१३ च्या एका अभ्यासातून, ज्यात खेळाडू होते फक्त ३४, सगळे अर्धवट फाटलेले, आणि सरासरी १२ आठवड्यांत परत खेळायला लागले. अभ्यासाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की हे लोक आधी किमान दोन महिने विनाऑपरेशन इलाज करून, परत खेळायचा प्रयत्न करून फसलेले होते, म्हणजे सोपे पेशंट घेऊन आकडा फुगवलेला नाही. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. इंजेक्शन न देता तोच व्यायाम अजून तीन महिने केला असता तर किती बरे झाले असते, हे त्यातून कळत नाही.

२०१९ मधे प्रोफेशनल बेसबॉलमधल्या ५४४ खेळाडूंची माहिती काढून मोठा अभ्यास आला. ऑपरेशनशिवायचा इलाज एकंदर ५४ टक्क्यांना लागू पडला, आणि ज्यांनी पीआरपी घेतलं त्यांना वेगळा फायदा काही दिसला नाही, उलट ते फेकायला उशिरा लागले (इंजेक्शननंतर सक्तीची विश्रांती असते, तेही एक कारण असू शकतं). आता हाही मागे वळून नोंदी चाळलेला अभ्यास, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नाही, आणि पीआरपी बनवायची पद्धत प्रत्येकाची वेगळी, कोणाच्यात पांढऱ्या पेशी जास्त कोणाच्यात कमी, त्यामुळे "पीआरपी बोगस आहे" असंही मी म्हणणार नाही. पण ८८ मोठ्या अक्षरात आणि ५४ चा पत्ताच नाही, हे बरोबर नाही. मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं तर त्यांनी दोन्ही अभ्यास मान्य केले, शांतपणे समजावलं. मग छापताना काय झालं?

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं बघितली तरी चित्र असंच मिश्र आहे. न्यूयॉर्क यँकीजचा पिचर मासाहिरो तानाका, २०१४ च्या जुलैमधे त्याचं यूसीएल थोडंसं फाटलं, पीआरपी आणि व्यायाम केला, त्याच सप्टेंबरमधे परत पिच करायला लागला आणि पुढे कित्येक सिझन त्याच लिगामेंटवर खेळला. शोहेई ओहतानीला २०१८ च्या जूनमधे पीआरपी दिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. गॅरेट रिचर्ड्सने २०१६ मधे स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं, परत खेळलाही, पण २०१८ मधे ऑपरेशन झालंच. क्लिनिकच्या भिंतीवर यातला पहिलाच फोटो आहे, बाकीचे दोघे का नाहीत ते तुम्हीच समजा.

तरी मी इंजेक्शन घेतलं. कारण व्यायाम तर करायचाच होता, आणि माझ्या बाबतीत नुकसान होण्यासारखं फार काही दिसत नव्हतं. पहिले काही दिवस कोपर असं ठणकत होतं की रात्री कूस बदलता येईना, आणि वर सूज कमी करणाऱ्या गोळ्या बंद, कारण आपल्याला ती सूज हवी असते म्हणे. हे आधी नीट सांगत नाहीत, "थोडं डिसकम्फर्ट" म्हणतात. थोडं!! स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी एक माहिती: पीआरपी २०१० मधे वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत काही प्रकारांसाठी होतं, २०११ पासून काढलं, त्यामुळे डोपिंगची भीती नाही. स्टिरॉइडचं, म्हणजे कॉर्टिझोनचं इंजेक्शन मात्र वेगळं प्रकरण, ते २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कुठल्याही मार्गाने टोचलेलं चालत नाही. आणि डोपिंग बाजूला ठेवलं तरी ते लिगामेंटमधे टोचून घेऊच नका, दुखणं थांबतं पण लिगामेंट कमजोर होऊ शकतं, म्हणजे आग तशीच आणि अलार्म बंद.

आता जे खरं भारी आहे ते. रिहॅब.

सुरुवातीला बिजागरीचा ब्रेस, ज्यात कोपर वाकतं सरळ होतं पण बाजूला कलत नाही. तो ठीक आहे, घाम येतो, बाही वर चढत नाही, बाकी सांगण्यासारखं काही नाही. ब्रेस निघाल्यावर मला वाटलं आता कोपराचे व्यायाम सुरू होणार, तर फिजिओ मॅडमनी मला खांदा, पाठ, कंबर आणि मांड्यांच्या मागेच लावलं. मी वैतागले. दुखतंय कोपर आणि मी एका पायावर उभी राहून तोल सांभाळतेय! पण त्यांचं म्हणणं असं की फेकीची ताकद पायातून निघून कमरेतून खांद्यात येते, मधे कुठे गळती झाली की ती कोपर भरून काढतं. माझा फेकणारा खांदा आतल्या बाजूला फिरायला बराच अडखळत होता आणि पुढचा पाय टेकवल्यावर कंबर लवकर उघडत होती, म्हणजे छाती पुढे गेली आणि हात मागे राहिला, कोपर खाली लोंबलेलं. मोबाईलवर स्लो मोशनमधे दाखवलं तेव्हा आमच्या कोच सरांनाही पटलं, जे सहसा कोणाचं ऐकत नाहीत.

मग थ्रोअर्स टेन नावाचा व्यायामांचा ठरलेला संच, रबरी पट्टा आणि हलकी डंबेल घेऊन, खांदा आणि हात दोन्हीसाठी. त्यात भर म्हणून मनगट वाकवणं, बोटांनी पकड, पंजा आत फिरवणं, कारण लिगामेंटच्या बरोबर वरून जाणारे स्नायू तेच. कंटाळवाणं किती म्हणून विचारू नका. एकच हालचाल, त्याच रबराने, आरशासमोर, आठवड्यामागून आठवडे, वजन वाढवायला मागितलं तर "अजून नाही". मधे मी चिडून चिडून काम केलंय. पण टेस्टमधलं दुखणं हळूहळू गेलं, आणि गेलं ते याने गेलं की इंजेक्शनने ते मला कोणी सिद्ध करून देऊ शकत नाही, तरी पैज लावायची तर मी रबरी पट्ट्यावर लावेन.

फेक परत सुरू करायचा जो तक्ता देतात त्यात मात्र गडबड आहे. तो सरळ बेसबॉलवरून उचललाय. इतक्या अंतरावरून इतके थ्रो, मग एक दिवस सुट्टी, मग अंतर वाढवा, मग माउंडवरून, म्हणजे पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून फेकतो तिथून. भालाफेकीत माउंड कुठून आणू? भाला बॉलपेक्षा कितीतरी जड, लांबलचक, टोक जरा इकडेतिकडे गेलं तर कोपरावर वेगळाच झटका, आणि आमच्याकडे रनअप किती पावलांचा हा मोठा फरक असतो, उभ्याने फेकलेलं आणि पूर्ण रनअपने फेकलेलं यात जमीन-अस्मान. शेवटी मी, मॅडम आणि सर असे बसून आम्हीच तक्ता बनवला: आधी हलका बॉल उभ्याने, मग तीन पावलं, मग हलका भाला उभ्याने, मग कमी रनअप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर कसं आहे यावर पुढची पायरी ठरवायची. मॅडम तयार झाल्या म्हणून जमलं. दुसरी कोणी असती तर कागदावरचं माउंड मला भरायलाच लावलं असतं. आणि यातली चीड आणणारी गोष्ट ही, की या दुखापतीचं पहिलं वर्णन १९४६ मधे वारिस नावाच्या डॉक्टरांनी केलं ते भालाफेक करणाऱ्यांमधेच! बेसबॉलवाले खूप नंतर आले आणि आता सगळे आकडे, सगळे तक्ते त्यांचे.

सर्जनचा सल्ला याच प्रोग्रॅममधे धरलेला आहे आणि तो जरूर घ्या, ऑपरेशन करायचं नसलं तरी. मला वाटायचं ऑपरेशन म्हणजे टॉमी जॉन, म्हणजे वर्षभर घरी. तो इतिहास असा की १९७४ च्या सप्टेंबरमधे डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हाताचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून लिगामेंट म्हणून बसवला. यश मिळायची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. तो १९७६ मधे परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, २८८ पैकी १६४ विजय ऑपरेशननंतरचे. पण तेव्हाची पद्धत दांडगी होती, स्नायू हाडापासून सोडवायचे, झिणझिण्यांची ती अल्नार नर्व्ह जागेवरून हलवायची, आणि टॉमी जॉनला त्या नर्व्हसाठी लगेच दुसरं ऑपरेशनही करावं लागलं. पुढे स्नायू न कापता त्याच्या धाग्यांमधून वाट काढायची पद्धत आली, गरज नसेल तर नर्व्हला हात न लावणं आलं, टेंडन ओवायला हाडात पाडायची भोकं कमी झाली. म्हणजे चिरफाड कमी करायचं काम सुईवाल्यांनी एकट्यांनी केलेलं नाही, सर्जन लोकही त्याच मागे आहेत.

त्यातलं नवं म्हणजे इंटर्नल ब्रेस. २०१३ मधे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे डॉ. जेफ्री ड्यूगस यांनी सुरू केलं. यात नवीन लिगामेंट बसवत नाहीत, तुमचंच फाटलेलं परत हाडाला शिवतात आणि त्यावरून कोलॅजन लावलेली एक मजबूत टेप दोन्ही हाडांत अँकर करून टाकतात. त्यांच्या १११ खेळाडूंच्या अभ्यासात ९२ टक्के आधीच्या किंवा वरच्या लेव्हलला परतले, सरासरी ६.७ महिन्यांत. टॉमी जॉनचा त्यांच्याच संस्थेतला १,२८१ खेळाडूंचा जुना मोठा अभ्यास आहे त्यात ८३ टक्के आणि पूर्ण स्पर्धेत उतरायला ११.६ महिने. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नवं ऑपरेशन जिंकल्यासारखं वाटतं पण सर्जननीच थांबवलं, म्हणाले पेशंट सारखे नाहीत, इंटर्नल ब्रेसवाल्यांचं लिगामेंट मुळात चांगल्या अवस्थेतलं, टोकाला फाटलेलं, आणि बरेचसे शाळा-कॉलेजचे तरुण खेळाडू. वर्षानुवर्षं घासून घासून विरलेलं लिगामेंट असेल तर शिवायला धरणार काय? प्रोफेशनल पिचर सेथ मॅनेस २०१६ मधे हे शिवण्याचं ऑपरेशन करून २०१७ मधे परत मेजर लीगमधे (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत) आला, म्हणजे मोठ्यांनाही चालतं, पण लिगामेंट बघून. हे असं सरळ बोलणारा माणूस पॅकेजमधे फुकट मिळतो हे खरं तर माहितीपत्रकावर छापायला हवं होतं.

बाकी सेवा ठीकठाक. रिपोर्टच्या कॉपी मागितल्या की लगेच मिळतात, एमआरआयच्या फाइल्ससकट. व्यायामाचं ॲप अगदीच टुकार, चुकीच्या हाताचा व्हिडिओ दाखवतं आणि रात्री उशिरा आठवण करतं. डॉक्टर वेळ देतात पण वेळेवर भेटत नाहीत, पुस्तक घेऊन जा.

माझा हात आता पूर्ण रनअपला चालतोय, जड सेशननंतर दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थोडं ओढल्यासारखं वाटतं पण दुखत नाही, आणि तंत्र सुधारल्यामुळे भाला पूर्वीपेक्षा सरळ जातोय. सिझन मात्र गेला तो गेलाच, कमी चिरफाड म्हणजे कमी वेळ असं समजून कोणी येऊ नका.

कोणी घ्यावा: ज्यांचं अर्धवट फाटलंय, वरच्या टोकाला आहे, आणि रोज रबर ओढायचा कंटाळा गिळू शकतात. पीआरपी न घेताही प्रोग्रॅम मिळतो पण ते आपणहून सांगत नाहीत, विचारा. शाळकरी मुलांच्या आईवडिलांनी तर आधी मुलाला फेकणं थांबवून हाडांच्या वाढीच्या जागेचा एक्सरे काढून घ्या, त्या वयात बऱ्याचदा लिगामेंटच्या आधी ती जागा दुखावते, आणि ऑपरेशन केलं की थ्रो वाढतो असं कोणी कोच सांगत असेल तर कोच बदला. आणि ज्यांचं पूर्ण तुटलंय किंवा खालच्या टोकाला फाटलंय, आणि जोरात फेकायचंच आहे, त्यांनी इथे महिने न घालवता सरळ सर्जन गाठून एवढंच विचारावं की माझं शिवता येण्यासारखं आहे की नवीन बसवावं लागेल.